चार बोटं सैल

नळी फाटली तेव्हा सूप हवेत होतं,
थर्माकोल, तुटकी जाळी, बाहुलीचा एक पाय घेऊन.
तेल उडालं, आणि ते हळूहळू खाली आलं,
गुडघे दुखणाऱ्यानं बाकावर बसावं तसं.

ट्रॅक्टर माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा.
गोराईत भात लावायचे तेव्हाचा.
नांगर कधीच विकला, पुढे हे लोखंडी सूप जोडलं,
आता पहाटे किनारा झाडतो. त्याचे पैसे
महापालिकेकडून येतात तेव्हा येतात.

इनास मिस्त्रीनं सुतळी आणली.
सूप खाली ठेवून लावली,
ठोकळ्यांवर उचलून पुन्हा लावली.
"जास्त भरेल ते माप धर, बाय, वर चार बोटं सैल.
दाब चढला की नळी आखडते.
ताणून बसवलीस तर मुळाशी फाटेल."
त्यानं आपला पंजा सुतळीवर आडवा ठेवला.
पंजाच्या कडेला मी गाठ मारली.

फाटकी नळी भाकरीच्या फडक्यात बांधून
खाडी ओलांडली, नागदेवी स्ट्रीट गाठली.
मुर्तझाभाईंनी ती आरीनं कापून दाखवली:
रबर, त्यावर तारेची वेणी, पुन्हा रबर.
"एकाच तारेची आहे. दोन तारांची घाल.
तेल किती गरम होतं? वाकते कुठे?"
मला ठाऊक नव्हतं, तरी मी उत्तरं दिली.
मग त्यांनी खिशातून पोलादी कंगवा काढला,
आटे मोजायचा.
"इंग्लिश आणि मेट्रिक लांबून सख्खे भाऊ.
दोन आटे बसतात, तिसऱ्याला भांडतात.
जोर लावून बसवणारेपण येतात माझ्याकडे.
नंतर."
यंत्राचे आठ जबडे एकदम मिटले,
टोपणाची कंबर आवळली गेली.

बसवली. सूप वर घेतलं. दाब चढला
आणि नळी दोरीवर कपडे वाळत घालावेत
इतकी ताठ.
एका बोटानं कमी.

आम्ही दोघं नळीकडे बघत राहिलो.
मग मी त्याच्या पंजाकडे.
मग तोही.
अंगठा सोडून तीन.

बत्तीस वर्षांपूर्वी याच ट्रॅक्टरच्या नळीवरून
त्यानं हात फिरवला होता, गळतंय कुठे बघायला.
सुईच्या टोकाएवढं भोक. रक्तसुद्धा नाही.
मुंगी चावली वाटलं, म्हणे.
तिसऱ्या दिवशी बोट जांभळं,
पाचव्या दिवशी नाही.
"मला ते अजून आहेसं वाटतं गो," तो म्हणाला,
आणि इतका हसला की हातातला पाना
वाळूत पडला.

सोमवारी पुन्हा खाडी, पुन्हा नागदेवी.
मुर्तझाभाईंनी कारण विचारलं, मी सांगितलं.
त्यांनी या वेळी स्वतःची बोटं लावली,
अंगठीसकट चार.
पैसे मात्र पूर्ण घेतले.

दोन पाने: एक धरायला, एक फिरवायला.
नळीवरची पांढरी अक्षरं सरळ ओळीत हवीत.
पीळ पडला की ती वेलासारखी चढतात,
मग सगळं सोडून पहिल्यापासून.
आम्ही दोनदा सोडलं.
सायलेन्सरपासून वीतभर लांब.

"आता हात नाही," इनास म्हणाला
आणि डिमेलोंच्या लग्नाची जाड पत्रिका पुढे केली.
ती मी लांबून धरून सांध्यांवर फिरवली.
वधूच्या नावावर काही नाही.
वराच्या नावावर काही नाही.
हॉलच्या पत्त्यावर एक बारीक, तेलकट रेघ.
सूप टेकवलं, इंजिन बंद केलं,
पाना आणखी पाव फेरा.
पुन्हा चालू. पत्रिका कोरडी.

आखूड नळी शेडमध्ये खिळ्याला टांगली आहे.
फेकू नको, इनास म्हणतो,
असेल कुठेतरी एखादा ट्रॅक्टर
एका बोटानं लहान.