पुढच्या दाराच्या पायऱ्या

बँकेतली डेल्फीन म्हणाली, मधलं कर्ज घ्या.
आम्ही त्याला पूल म्हणतो.
हे घर विकेपर्यंत ते घर तुमचं,
आणि तोवर दोन्ही घरांचा हप्ता, दोन्ही घरांचं तेल,
दोन्ही छपरांवरचा बर्फ.
हेडली म्हणाला, आम्ही बोटीची माणसं,
आम्हाला पूल कशाला?
मी टेबलाखाली त्याच्या पायावर पाय दिला.

क्लॅरनव्हिलचं घर बैठं आहे.
जिना नाही. हॉस्पिटल चार मिनिटांवर.
इथून दीड तास, तोही मूस आडवा आला नाही तर,
आठवड्यातून तीनदा,
माझं रक्त धुवून आणायला.

आधी विकावं, तर मधल्या महिन्यांत राहायचं कुठं?
विनिफ्रेडच्या तळघरात,
जावयाच्या ट्रेडमिलशेजारी?
आधी घ्यावं, तर हे खपणार कधी?
खाडीच्या टोकाला बार्टलेटांचं घर
चार वर्षं पाटी लावून उभं आहे.
पाटीवरचा एजंट तेवढा हसतोय,
उन्हानं निळा पडलेला.

हेडली पाकिटाच्या पाठीवर आकडे मांडतो,
खोडतो, पाकीट उलटं करतो.
हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये,
एवढं आम्हालाही कळतं.
पण या वयात
हातचं कुठलं आणि पळतं कुठलं?

त्याच्या बापाला, अल्फियसला, हा पेच पडलाच नाही.
बेटावरची शाळा मिटली, टपाल थांबलं,
तेव्हा त्यानं घर सोडलं नाही,
सोडवलं.
खांबांवरून सोडवलं, ओंडक्यांवरून उतरवलं,
पोटाला रिकामी पिंपं बांधली
आणि भरतीच्या पाण्यात सहा बोटींनी ओढून इथं आणलं.
घर एक, किनारे दोन.
मधल्या पाण्यात ते कुठल्या गावचं होतं,
कुणी विचारलं नाही.
सासूबाई सांगायच्या, कपाटातल्या बशासुद्धा काढल्या नव्हत्या.
एकच फुटली.
कोणती, ते दर वेळी बदलायचं.

जिन्याखाली अजून आहे त्या दिवसाची मिठाची रेघ.
तीनदा रंग दिला. उन्हाळ्यात वर येतेच.

एजंट आला, पेनींचा धाकटा, कोटात.
म्हणाला, पुढच्या दाराला पायऱ्याच नाहीत.
मी म्हटलं, नव्हत्याच कधी.
इथं कोण येतं पुढून?
पाद्री आला तो स्वयंपाकघरातून,
सुईण आली ती स्वयंपाकघरातून,
विनिफ्रेडचा नवरा तिला मागायला आला
तो हातात कॉडचं डोकं घेऊन, स्वयंपाकघरातून.
पुढचं दार जमिनीपासून चार फूट वर,
उघडलं ते दोनदाच.
दोन्ही वेळा पेटी हातांवर झेलून उतरवली.
गिऱ्हाईक पुढून येतं, म्हणाला पोरगा.

हेडलीनं दोन दिवसांत पायऱ्या ठोकल्या.
मी विचारलं, म्हणजे आधी विकायचं ठरलं?
तोंडात खिळे होते. म्हणाला,
पायऱ्या करतोय फक्त.

गुरुवारी ती आली, ओंटारिओची कुणी,
सोबत कानटोपीतला मुलगा.
चढली त्या पायऱ्या. ओल्या लाकडाचा वास अजून गेला नव्हता.
खिडकीशी थांबली, पाण्याबद्दल सगळे बोलतात ते बोलली,
मग स्वयंपाकघरात येऊन
चमच्यांचा खण ओढला. अडकला.
आणि मी बोलून गेले,
जरा वर उचल, आता डावीकडे, हां.
उघडला.
ती हसली. आत हात घातला,
जसा मी घालते.
दारात हेडली उभा होता.
तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होता.

अजून सही नाही, किंमत नाही,
क्लॅरनव्हिलला फोन केलेला नाही.
रात्री भरती चढते, खांबांवर घर करकरतं;
करकरतं ते नेहमीच म्हणा.
मी अंधारात विचारते,
हेडली, आपल्याकडे पिंपं किती आहेत?
झोप, म्हणतो.
मग बऱ्याच वेळानं,
दोन.
एकात तेल आहे.