सतरा डबे

सोमवारी सकाळी टोकेकर बाईंचा फोन.
"काय करून ठेवलंस रे? सतरा डबे जास्त झालेत."
मागे कचरागाडीचं गाणं वाजत होतं,
मला आधी सत्तर ऐकू आलं
आणि मी ताडकन उठून बसलो.

लोकमान्य नगरात त्यांचं स्वयंपाकघर,
खाणारे भंवरकुआँच्या होस्टेलांत.
तिथलं वाय-फाय रात्री आठनंतर मान टाकतं,
म्हणून मीच ठरवलं होतं
की उद्या डबा हवा की नको
हे ज्याच्या त्याच्या फोनमध्येच राहू दे,
ब्राउझरच्या आतल्या त्या लहानशा फडताळात.
पान मिटलं तरी तिथलं राहतं,
फोन बंद पडला तरी राहतं.
सकाळी पान उघडलं की वाचायचं, आणि बाईंना निरोप.

फडताळाची अट मला माहीत होती,
म्हणजे एकदा वाचली होती:
तिथे फक्त अक्षरं ठेवता येतात.
आकडा ठेवा, त्याची अक्षरं होतात.
खरं ठेवा, खोटं ठेवा,
अक्षरं.

नीमचच्या लोकेन्द्रने रात्री 'नको'वर बोट टेकवलं
(राऊला मामाकडे लग्न होतं त्याच्या),
ते नको मी नेऊन ठेवलं.
सकाळी माझ्याच ओळीने विचारलं, आत काही आहे?
होतं.
काही असेल तर हो, असं मीच लिहिलं होतं.
तिला नकार वाचता येत नव्हता,
काहीतरी लिहिलंय एवढंच दिसत होतं.

हे सगळं बाईंना समजावलं, ओट्याजवळ उभं राहून.
त्या पोळी लाटत ऐकत होत्या.
"म्हणजे पंगतीतल्या वाढप्यासारखं," म्हणाल्या,
"नको म्हटलं की आणखी एक.
तुझ्या मशीनला हे कुणी शिकवलं?"

दुपारभर बसलो. सोपं होतं सगळं पुसून टाकणं,
एक ओळ, आणि प्रत्येक फडताळ रिकामं.
पण मनावरच्या रुपलचं 'कांदा-लसूण नाही' तिथेच होतं,
कुणाचं 'तिखट कमी', कुणाचं 'वरच्या मजल्यावर, घंटा बिघडलीय',
आणि त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती.
ज्या शहरात ओलं-सुकं घराघरात वेगळं होतं
तिथे मी सगळं एकाच कप्प्यात कोंबलं होतं.
मग एकेक नाव वाचत बसलो.
जुनं ते जुन्या अर्थाने वाचायचं,
नव्यावर 'दोन' असा आकडा घालायचा.
म्हणजे 'दोन' हे अक्षर.

एक गंमत तेव्हाच कळली.
एकाच पानाच्या दोन खिडक्या उघड्या असल्या
आणि एकीत काही बदललं
तर हाक दुसरीला जाते,
जिने बदललं तिला नाही.
सतरा डब्यांची गोष्टही
होस्टेलच्या वॉचमनपासून दूधवाल्यापर्यंत पोचली होती
मला फोन येण्याआधी.

सोळा डबे बाईंनी कोचिंगच्या चौकीदारांना वाटले.
सतरावा माझ्यापुढे सरकवला. मेथी, वरण, चार पोळ्या.
म्हटलं, नको, जेवून आलोय.
त्यांनी झाकण उघडलं.

आता बरोबर चालतंय. एक फोन सोडून.
देवासचा कुणी, परीक्षा देऊन गेला,
पान पुन्हा उघडलंच नाही त्याने.
त्याच्या फडताळात एक नको तसंच पडून आहे,
मला दिसत नाही, हात पोचत नाही.
उघडेल तेव्हा माझी नवी ओळ
त्या जुन्या अक्षरांच्या आधी पोचायला हवी.

पोचेल बहुतेक.