मंगळवारची बैठक

मिरजेत, जुन्या एक्स-रेच्या खोलीत
मंगळवारी चारला आमची बैठक असते.
खुर्च्या मी गोलात मांडते,
शिपाई परत रांगेत लावतो.

आज अक्काताई मगदूम पहिल्यांदा बोलल्या.
सहा महिने नुसती सही करून जायच्या,
चहा बशीत ओतून, गार करून.

"पहाटं तीनला मी सांगितलं हुतं,
ह्यांचा श्वास रोजचा न्हाई.
बत्तीस वर्सं त्या घोरण्याशेजारी झोपले मी.
मशीन म्हनलं, ठीक हाय.
सिस्टर म्हनल्या, मावशी, भाईर बसा."

पंखा तेवढा बोलत राहिला.
डॉक्टर पटवेगार पेनचं टोपण
काढत होते, लावत होते.

इतिवृत्तात मी लिहिलं :
'नातेवाइकांची सूचना नोंदवली.'
मग खोडलं.
लिहिलं : बत्तीस वर्सं. घोरणं. भाईर बसा.

कार्यक्रमाची प्रमुख मी,
अहवालात नाव ठळक अक्षरात येतं.
आज जमलं ते एवढंच :
वॉर्डाबाहेरचा नातेवाइकांचा बाक
उचलून आत.

तोही दारात अडकला.
एका टोकाला डॉक्टर, घामाघूम,
दुसऱ्या टोकाला अक्काताई, पदर खोचून.
"जरा तिरका घ्या," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी घेतला.