हद्दीबाहेर दहा फूट

माझे वडील मुलुंडच्या जकात नाक्यावर कारकून होते.
सव्वीस वर्षं, बहुतेक रात्रपाळी,
एका हातात बॅटरी, दुसऱ्यात लोखंडी सळई.
सळई कांद्याच्या गोणीत खुपसायची.
कांदा गप्प राहतो, बाबा म्हणायचे,
खाली पितळ असलं तर ते ओरडतं.

एकदा टोमॅटोखालून शिलाई मशीनचे चाळीस सांगाडे निघाले.
ड्रायव्हर पाया पडला.
बाबांनी दंडासकट पावती फाडली, मग त्याला चहा पाजला.
घरी येऊन म्हणाले, चोर होता,
पण लाजला बिचारा.

धुरंधरशेठ कधी लाजले नाहीत.
त्यांनी हद्दीच्या दगडापलीकडे, मोजून दहा फुटांवर,
गोदाम बांधलं.
माल तिथंच उतरायचा, तिथूनच नाशिकला, सुरतेला जायचा.
पेढी काळबादेवीला, फोन काळबादेवीला,
नफाही संध्याकाळपर्यंत काळबादेवीला,
माल तेवढा मुंबईत कधी आलाच नाही.
बाबा खुर्चीतून त्या पत्र्यांकडे बघत बसायचे.
सळई तिथवर पोचत नव्हती.

मी सी.ए. झाले.
फोर्टात, तिसऱ्या मजल्यावर, माझं काम
तो दगड शोधायचं,
आणि पुढचे दहा फूट मोजून द्यायचं.
कधी अविभक्त कुटुंबाच्या नावे,
ज्यातले भाऊ अकरा वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत.
कधी ट्रस्टच्या नावे, ज्याची शाळा आहे,
आणि शाळेत खरंच मुलं आहेत,
मी जाऊन मोजली.

टाळणं वेगळं, चुकवणं वेगळं,
हे आम्हाला पहिल्याच वर्षी घोटून घेतलं होतं.
एकाला सल्ला म्हणतात, दुसऱ्याला कलम लागतं.
पण नजर टाळताही येते, चुकवताही येते,
आणि देणं चुकतं करणारा तर सरळ माणूस.
चुकवणं, चुकतं करणं, एकाच धातूचे शब्द.
सळई खुपसली तर कोण ओरडेल, सांगता येत नाही.

एकतीस जुलैला वरळीच्या सगुणा तांडेल आल्या,
मसाले कुटून विकतात, बोटं कायमची पिवळी.
वहीत दोन लाख ऐंशी हजार रोख होते,
ते फॉर्मात नको होते त्यांना.
मी म्हटलं, मावशी, ही चोरी होईल.
त्यांनी पदरानं मान पुसली.
मग हळूच, चोरी न करता नाय का काय करता येणार?
येईल, म्हटलं,
पण त्याची माझी फी तुमच्या करापेक्षा जास्त आहे.
त्या हसल्या, अगदी मोकळं.
मग लिव बाय, म्हणाल्या, सगळे लिव.

त्यानंतर दुसरी फाइल. आठ कंपन्या, एक घर.
देय कर शून्य.
प्रत्येक कागद खरा, मी दोनदा तपासला.
सही केली तेव्हा रात्रीचे सव्वाअकरा झाले होते.

नाका कधीच बंद झाला.
बाबा आता त्र्याऐंशीचे, बॅटरी अजून उशाशी असते.
मला उशीर झाला की दारातच माझ्यावर मारतात.
काय माल?
ही आमची जुनी थट्टा.
काही नाही बाबा, कागद.
सगळे खरे?
सगळे.
मग बॅटरी विझते.

त्या रात्री जरा उशिरा विझली.