काकडीच्या पोटातलं तापमान

गंगाखेडला, एप्रिलातल्या सकाळच्या शाळेत
मोईनुद्दीन सरांनी फळ्यावर इंग्रजी लिहून
आमच्यासाठी खाली देवनागरीतही लिहिलं :
ॲज कूल ॲज अ क्युकंबर.
अर्थ : अगदी शांत, डोकं न तापलेला.
वाक्यात उपयोग करा. पाच गुण.

मागच्या बाकावरून द्वारका कांगणे उठली.
तिच्या घरची वाडी गोदेच्या पात्रात,
टरबुजं, काकड्या, आणि उरलेल्या पाण्याची एक रेघ.
"सर, काकडीच कामून? माठ कामून नाही?"

सर म्हणाले, तिकडं माठ नसतो.
मग खडू बोटात फिरवत :
तिकडच्या कुण्या कवीनं लिहून ठेवलं म्हणे,
झाली असतील तीनेकशे वर्षं.
त्याच्याही आधी काकडीसारखा गार म्हणजे
ज्याला कशाचंच काही वाटत नाही असा.
टोमणाच होता तो.
वापरून वापरून त्याचं कौतुक झालं.

द्वारकाला टोमण्याचं पटलं. काकडीचं नाही.

रविवारी भर बारा वाजता सर सायकलवर वाडीत आले.
खिशात प्रयोगशाळेतला थर्मामीटर, रुमालात गुंडाळून,
हेडमास्तरांना न विचारता आणलेला.
वाळूवर पाय ठरत नव्हता.
पानांच्या वर, हवेत धरला : त्रेचाळीस.
मग वेलीवरच्याच एका काकडीला
चाकूच्या टोकानं भोक पाडून आत सारला,
आणि आम्ही सात जणी
दवाखान्याच्या दारात थांबावं तशा थांबलो.

सदतीस.

"हे तं कोमटच हाय, सर!
आपल्या अंगाएवढं."
"हाव, कोमटच," सर घाम पुसत म्हणाले,
"पण भवतालापेक्षा सहा अंशांनी कमी तापली.
त्या वाक्याला तेवढंच म्हणायचंय."

आसराबाईंना, द्वारकाच्या आईला,
आपली चांगली काकडी टोचलेली आवडली नव्हती.
तरी दुसऱ्या तोडल्या. एकेकीचं देठाकडचं टोक कापून
त्याच जागी गोल गोल घासत राहिल्या,
पांढरा फेस येईस्तोवर.
"कडू निघू द्या आधी. मंग खा."
मीठ कागदाच्या पुडीत होतं, थोडं ओलसर.

परीक्षेत द्वारकानं वाक्य लिहिलं :
द क्युकंबर इज नॉट कूल.
सरांनी पाचपैकी पाच दिले
आणि समासात लाल शाईनं : मोजून सांगितल्याबद्दल.

आता मी परभणीला, वीज कंपनीत, तक्रारीच्या खिडकीत.
मे महिन्यात रोज कुणी ना कुणी
बिलाचा बोळा करून काचेवर मारतं,
आईबापाचा उद्धार करतं,
मी बोळा उलगडते, ग्राहक क्रमांक विचारते.
शेजारचा बोर्डे म्हणतो, मॅडम एकदम कूल!
नवी आलेली पोरगी विचारते, जमतं कसं हो तुम्हाला?

काय सांगू. पंखा बंद आहे,
आमच्याच ऑफिसची लाईट गेलीय,
पारा घातला तर सदतीसच्या खाली येणार नाही.

मी फक्त पेनाचं टोपण
टेबलाच्या कडेवर गोल गोल घासत असते.
तिथं लाकडाचा रंग उडालाय.
खिडकीबाहेरून ते दिसत नाही.