डावा आटा

पडद्यावर आधी एक उभी रेघ,
सुतासारखी सरळ.
तिच्याभोवती हेलेध दंडगोल उभा करते,
सव्वा इंच जाड, हातभर उंच,
अजून कसलाच पेच न पडलेला.

एरवी आटे कोणी काढत नाही.
दोन बारीक रेघा, शेजारी एक आकडा;
लेथवरच्या माणसाला तेवढं पुरतं,
आणि खरे आटे काढू गेलं तर कॉम्प्युटर धापा टाकतो.
पण हे मळसूत्र कुठल्याच तक्त्यात नाही.
वेल्सच्या उत्तरेकडल्या एका बंद खाणीत,
पाटीदगडाच्या वाघिणी उतारावर रोखणाऱ्या
ब्रेकचं ते. चौकोनी आट्यांचं.
आट्यापासून आट्याला चार सूत,
आणि उरलाय फक्त वीतभर तुकडा.
संग्रहालयानं तोही पाठवला नव्हता,
त्याची सावली पाठवली होती,
दिव्यासमोर धरून कागदावर गिरवलेली.

सुतावरून स्वर्ग गाठायचा तो असा.

ती वेटोळं टाकते. त्याच्या टोकाला चौकोन बसवते,
म्हणते, आता याच्यामागून जा.
चौकोन निघतो आणि अडखळतो.
लाल पट्टी: आकृती स्वतःलाच छेदते आहे.
चौकोन केसभर लहान केला. पुन्हा लाल.
वेटोळं सैल केलं. दांडाच गायब.
शेवटच्या वेढ्याला दांड्याबाहेर पडायला वाट लागते
हे तिला चौथ्या कॉफीला आठवलं,
आणि मग जे लोखंड कुठेच नव्हतं
ते एका दमात सोलून निघालं,
ना कीस, ना तेलाचा धूर.
खिडकीबाहेर मेनाईच्या पाण्याला भरती येत होती.
इतका आटापिटा, आणि बघायला फक्त सीगल.

दुपारी एमरिस प्रिचर्ड आला,
ब्याऐंशी वर्षांचा, बसनं,
तुकडा रुमालात बांधून.
पडद्याकडे त्यानं धड पाहिलंही नाही.
खाचेत अंगठ्याचं नख घातलं आणि तुकडा फिरवला,
नख कुठे जातंय ते जणू दुसऱ्याचं आहे असं बघत राहिला.
मग म्हणाला, पोरी,
तुझा इकडून चढतो. हा तिकडून.

सावलीला उजवं-डावं नसतं.
आणि सॉफ्टवेअरच्या चौकटीत
'उजवा'पुढे टिंब आधीच भरलेलं असतं,
ते कोणी भरलं असं कोण विचारतं.

माझा बाप असायचा ब्रेकवर, एमरिस म्हणाला.
धुकं असलं की स्वतःचा हात दिसायचा नाही.
घाबरलेला माणूस चाक उजवीकडेच फिरवतो, कुठलाही माणूस.
म्हणून उजवीकडे फिरवलं की नट खाली जायला हवा,
खाली गेला की ब्रेक लागायला हवा,
म्हणून आटा डावा.
तुझा बसवला असता तर
त्यानं जीव खाऊन ब्रेक सोडला असता.

हेलेध काही बोलली नाही.
टिंब दुसऱ्या गोलात सरकवलं.
निळी पट्टी रांगत पुढे जाऊ लागली,
चाळीस टक्के, बेचाळीस,
एकेचाळीस का नाही हे देवालाच ठाऊक.
त्यांच्या भाषेत डाव्याला 'ख्वीथ' म्हणतात.
कोणी गेल्यावर घरात जे चुकल्यासारखं होतं
त्यालाही तोच शब्द.
दोघांपैकी कोणीही तो उच्चारला नाही.

मग अख्ख्या दांड्यानं कूस बदलली.
तिनं वर एक चाक बसवलं, नुसतं वर्तुळ, चार आऱ्या,
खाली नट, आणि सगळं फिरतं केलं.
एमरिसनं टेबलावरचे हात उचलले,
हवेत काहीतरी धरलं
आणि पडद्याबरोबर उजवीकडे वळवू लागला.
नट उतरला. एक वेढा, चार सूत.
आणखी एक.
खांदे आखडले, जबडा घट्ट झाला.
पाचव्या वेढ्याला त्यानं हात सोडले.

पुरे, म्हणाला. लागला.