कानाकडे बघून

माझ्या दोन डोळ्यांभोवती सहा माणसं बसली होती
नारिनच्या शाळेत, मुख्याध्यापकांच्या खोलीत.
टेबलावर चहा, बोरसोक, आणि माझी फाईल.
बाहेर मार्चचा बर्फ.

बिश्केकहून रात्रभर घाट चढून आलेले डॉक्टर म्हणाले,
मधोमध डाग आहे, कडा शाबूत.
गुलझिनाबाई म्हणाल्या, गणितात पुढे आहे,
फळ्यावरचं मात्र उतरवून घेत नाही.
मला काठी शिकवायला येणारी नुरझात म्हणाली,
जिन्याची शेवटची पायरी रोज चुकते.
समुपदेशकबाई म्हणाल्या, एकटी असते.
मुख्याध्यापक म्हणाले, चहा घ्या.
आई काहीच म्हणाली नाही.
पेला नुसता फिरवत राहिली.

अक्षर किती मिलिमीटर, दिवा किती वॅटचा,
बाक फळ्यापासून किती पावलं,
सगळं वहीत गेलं.
कोपऱ्यात शेगडी दुरुस्त करत बसलेला सोव्येतबेक,
जो बैठकीत नव्हताच,
पक्कड हातात तशीच धरून म्हणाला,
"पोरीला विचारलंत का?"

शेगडी एकदा खाकरली.

मग मीच बोलले.
भिंग दप्तराच्या तळाशी आहे, मोज्यात गुंडाळून.
काढलं की एरमेक ओरडतो, आजीबाई आल्या.
उजेड हवा म्हणून खिडकीशी बसवता,
तिथं बर्फ डोळ्यांत खिळे ठोकतो.
आणि फळ्याकडे बघितलं की फळा जातो.
शेजारच्या खुंटीकडे बघितलं
तर तो कडेकडेनं येतो,
बुजऱ्या कोकरासारखा.

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं.
जरा वेळानं पुन्हा काढलं.

आता मी भिंतीकडच्या बाकावर असते.
गुलझिनाबाई लिहिता लिहिता मोठ्यानं वाचतात,
विसरल्या की मी पेन्सिल दोनदा आपटते.
सोव्येतबेकनं पायऱ्यांच्या कडांना
बसथांब्याचा उरलेला पिवळा रंग दिला,
पहिला पट्टा वाकडा, बाकीचे त्याच्याहून वाकडे,
पण शेवटची पायरी आता हाक मारते.
भिंग एरमेकनंच मागून घेतलं एकदा,
स्वतःचा अंगठा पाहिला त्यातून,
आणि बराच वेळ गप्प बसला.
रशियनचा पेपर अजून मुंगीएवढ्या अक्षरांतच येतो.
त्यावर पुढच्या बैठकीत बोलायचंय.
मला बोलावलंय. खुर्चीसकट.

एक राहिलं.
त्या दिवशी निघताना डॉक्टर आईला हळू आवाजात म्हणाले,
ती बाजूला बघते तेव्हाच तुम्ही तिला दिसता.
दोन वर्षं आई म्हणत आली होती,
बोलताना माझ्याकडे बघ, नजर चोरू नकोस.
दोन वर्षं मी तिच्या कानाकडे बघत आले होते,
तिचा चेहरा मिळावा म्हणून.

रात्री चुलीपाशी तिनं डोक्याचा रुमाल सोडला,
केस कानामागे सारले.
चांदीचं डूल हललं, मग थांबलं.
"बघ," म्हणाली,
आणि हलली नाही.